वाटाण्याच्या रोपापासून ‘राजी’पर्यंत

नाशिक शहराबाहेर, मुंबईच्या रस्त्यावर पांडवलेण्यांचा डोंगर आहे. त्याच्या पायथ्याशी दादासाहेब फाळके यांचे स्मारक आहे. जिल्ह्यातल्या शाळांच्या सहली लेणी पाहून झाल्यावर हमखास तेथे उतरतात. अशाच एका सहलीत नववीच्या मुलांबरोबर आम्ही होतो. फाळक्यांची माहिती सांगून झाली आणि ‘काही शंका?’ असे विचारताच मागून एका मुलाने प्रश्न केला, “सिनेमा नाशिकला बनत होता, तर मग गेम कुठे बनतात? आपल्याकडे बनतात का?”

बरोबरचे शिक्षक म्हणाले, “गेम सोडून दुसरं काही सुचतं का रे तुला?” सगळे हसले, मुलगाही हसला आणि प्रश्न तिथेच राहिला. खरे सांगायचे तर त्या वेळी आम्हालाही नीट उत्तर देता आले नसते. त्या मुलाने फाळक्यांच्या स्मारकापाशी हा प्रश्न विचारला, हे मात्र अगदी योग्य होते असे आता वाटते. त्याचे उत्तर फाळक्यांपासूनच सुरू होते.

कुंडीतला वाटाणा

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म १८७० साली त्र्यंबकेश्वरचा. चित्रपट काढायचा हे मनाने घेतल्यावर १९१२ साली ते लंडनला गेले, तेथे हे तंत्र पाहिले आणि कॅमेरा घेऊन आले. या प्रवासासाठी त्यांनी आपल्या विम्याच्या पॉलिसी गहाण ठेवल्या होत्या. परत आल्यावर अडचण आली ती भांडवलाची. जी गोष्ट या देशात कोणी केलेलीच नाही, तिच्यावर पैसे कोण लावणार?

फाळक्यांनी वाद घातला नाही, नमुना तयार केला. एका कुंडीत वाटाणा पेरला, कॅमेरा त्याच्यावर रोखला आणि रोप वाढेल तसतशी एकेक चौकट टिपत गेले. महिनाभराहून अधिक काळ हे चालू होते. ही फिल्म पडद्यावर दाखवली तेव्हा बी रुजून त्याचा वेल होण्याची सारी क्रिया पाहता पाहता उलगडली. ती पाहिल्यावर कर्ज मिळण्याचा मार्ग मोकळा झाला. पुढे पत्नी सरस्वतीबाईंचे दागिनेही गहाण पडले. फिल्मला भोके पाडणे, ती धुणे, शिवाय साऱ्या मंडळींचा स्वयंपाक करणे ही कामे सरस्वतीबाई करत. ३ मे १९१३ रोजी मुंबईत ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसमोर आला.

वर्गात हे सांगताना एक गणित जरूर घालावे. मूकपटांच्या काळात सेकंदाला साधारण १६ चौकटी दाखवत. वाटाण्याची एक मिनिटाची फिल्म करायची असेल तर एकूण चौकटी किती लागतील? त्या ३० दिवसांत टिपायच्या तर दिवसाला किती? उत्तरे अनुक्रमे ९६० आणि ३२. म्हणजे दिवसातून साधारण पाऊण तासाला एक चौकट! चिकाटी कशाला म्हणतात, हे या आकड्यावरून मुलांना कळते.

१९१३ मध्येच फाळक्यांनी आपला कारखाना नाशिकला हलवला. ‘मोहिनी भस्मासुर’ आणि ‘सत्यवान सावित्री’ येथेच तयार झाले. १९१७ सालचा ‘लंका दहन’ अतिशय गाजला आणि १९१८ साली मुंबईच्या भांडवलदार भागीदारांबरोबर ‘हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी’ उभी राहिली. पैशांची विवंचना मिटली, पण निर्णय आता एकट्याचे राहिले नाहीत. थोड्याच काळात भागीदारांशी मतभेद होऊन फाळके बाहेर पडले. काही काळाने ते परत आले, पण आधीचे दिवस परत आले नाहीत.

लहान, स्वतंत्र स्टुडिओचा सारा इतिहास या गोष्टीत बीजरूपाने आहे. स्वतःच्या मनाने काम करायचे तर पैसा तुटपुंजा, आणि पैसा आला की स्वतःचे मन किती चालेल याची शाश्वती नाही. काम सुरू झाल्यापासून पहिली कमाई हाती येईपर्यंतचा काळ कसा काढायचा, हाच खरा प्रश्न असतो.

टिपलेले चित्र आणि मोजलेले चित्र

पुढे जाण्यापूर्वी चित्रपट आणि संगणकावरचा खेळ यांतला फरक पाहू. दोन्हींत पडद्यावर चित्रे एकामागून एक झरझर बदलतात आणि आपल्याला हालचालीचा भास होतो. इथपर्यंत दोघे भाऊ. पण चित्रपटातली प्रत्येक चौकट आधीच टिपलेली असते. प्रेक्षक झोपी गेला तरी हरिश्चंद्र राज्य सोडणारच. खेळातले पुढचे चित्र मात्र अस्तित्वातच नसते. खेळणाऱ्याने कोणते बटण दाबले हे पाहून ते त्या क्षणी तयार करावे लागते.

सेकंदाला ६० चित्रे दाखवायची, तर एका चित्रासाठी सुमारे १७ मिलिसेकंद मिळतात. तेवढ्या वेळात यंत्राने बटणे तपासायची, प्रत्येक पात्राचे नवे स्थान काढायचे, कोण कोणावर आदळले ते पाहायचे आणि मग सारे दृश्य रंगवायचे. हे चक्र अखंड चालू राहते.

यातली बरीचशी गणिते शाळेतलीच आहेत. पात्र सेकंदाला ५ मीटर वेगाने सरळ वर उडाले आणि गुरुत्व त्वरण १० धरले, तर ते अर्ध्या सेकंदात सव्वा मीटर उंची गाठेल आणि एका सेकंदात जमिनीवर परत येईल. या एका उडीसाठी ६० चित्रे लागतील आणि प्रत्येक चित्रातली उंची गतीच्या समीकरणावरून निघेल. तलवार राक्षसाला लागली की नाही, हे ठरवण्याची एक सोपी रीत म्हणजे दोघांभोवती एकेक वर्तुळ कल्पायचे. केंद्रांमधले अंतर पायथागोरसच्या प्रमेयाने काढायचे. ते त्रिज्यांच्या बेरजेपेक्षा कमी असेल तर तलवार लागली. थोडक्यात, खेळ करणारा माणूस चित्रांबरोबरच नियमही घडवत असतो.

म्हणूनच या क्षेत्राचा आरंभ शास्त्रज्ञांच्या प्रयोगशाळेत झाला, याचे आश्चर्य वाटायला नको. १९५८ साली अमेरिकेतील ब्रुकहेवन प्रयोगशाळेत विल्यम हिगिनबॉथम या भौतिकशास्त्रज्ञाने पाहुण्यांच्या मनोरंजनासाठी टेनिसचा एक खेळ मांडला. चेंडूचा मार्ग एक अनुरूप संगणक काढत होता आणि चेंडू दिसत होता ऑसिलोस्कोपच्या छोट्या पडद्यावर. १९६२ साली एम.आय.टी.मधील तरुणांनी ‘स्पेसवॉर’ लिहिला आणि १९७२ साली अटारी कंपनीच्या ‘पाँग’ने या खेळांचा धंदा होऊ शकतो हे दाखवून दिले.

सावलीचा राजपुत्र

नव्वदीच्या दशकात आपल्याकडच्या कचेऱ्यांमध्ये आणि संगणक वर्गांमध्ये एक खेळ जवळपास हमखास सापडे. तुरुंगातून पळणारा, खड्ड्यांवरून उड्या मारणारा पांढऱ्या कपड्यांतला राजपुत्र अनेक वाचकांना आठवेल. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ हा तो खेळ. जॉर्डन मेकनर या तरुणाने तो बव्हंशी एकट्याने, सुमारे चार वर्षे खपून तयार केला आणि १९८९ साली तो बाजारात आला. राजपुत्राची चाल इतकी जिवंत वाटण्याचे कारण म्हणजे मेकनरने आपल्या धाकट्या भावाला पळायला आणि उड्या मारायला लावून त्याचे चित्रण केले होते आणि त्यावरून एकेक चौकट गिरवली होती. फाळक्यांचा वाटाणा इथे पुन्हा भेटतो!

या खेळात राजपुत्राचा एक छायारूपी शत्रू आहे. तो आला कसा? नव्या शत्रूची चित्रे ठेवायला संगणकाच्या स्मृतीत जागाच उरली नव्हती. तेव्हा मेकनरने राजपुत्राचीच चित्रे घेतली, त्यांच्यावर एक साधी द्विमान क्रिया केली आणि त्यातून चमचमणारी सावली उभी राहिली. ज्या शत्रूमुळे खेळाला गूढता आली, तो जागेच्या टंचाईतून जन्मला होता. लहान स्टुडिओंच्या कामात असे वारंवार दिसते. साधन अपुरे पडते तेथे युक्ती निघते आणि पुढे तीच युक्ती कामाची ओळख ठरते.

दुसऱ्यांची कामे

आपल्या देशात हे क्षेत्र उशिरा आले. १९९७ साली बंगळूरला राजेश राव यांनी ‘ध्रुव इंटरॅक्टिव्ह’ सुरू केली. मुंबईत विशाल गोंडल यांची ‘इंडियागेम्स’ १९९९ च्या सुमारास उभी राहिली आणि मोबाइल फोनवरच्या खेळांत तिने नाव कमावले. पुण्यात २००८ साली युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीचा स्टुडिओ आला.

या काळात आपल्याकडे कुशल माणसे तयार झाली, पण पुष्कळसे काम परदेशी खेळांचे तुकडे करून देण्याचे होते. कोणाला मोटारींची चित्रे, कोणाला इमारती, तर कोणाला चुका शोधण्याचे काम. यात कमीपणा काही नाही. महिन्याला पगार मिळतो आणि हात तयार होतो. पण खेळ कसा असावा, त्यात गोष्ट कोणाची असावी, हे ठरवणारे दूर कुठेतरी बसलेले असतात.

२०१० नंतर दोन गोष्टींनी परिस्थिती बदलली. पहिली म्हणजे ‘इंजिन’. प्रकाश, गुरुत्वाकर्षण, टक्कर, सावल्या यांची गणिते करणारी तयार आज्ञावली म्हणजे इंजिन. ‘युनिटी’ची मोफत आवृत्ती २००९ पासून मिळू लागली. ‘अनरिअल’ २०१५ साली सर्वांना खुले झाले, आणि खेळ विकला गेला तरच उत्पन्नातला ठरावीक हिस्सा द्यायचा अशी अट राहिली. फाळक्यांना कोऱ्या फिल्मला भोकेसुद्धा घरीच पाडावी लागत होती. आता भोके पाडलेली फिल्म फुकट मिळू लागली म्हणा ना! दुसरी गोष्ट म्हणजे इंटरनेटवरून विक्री. तबकडी छापणे, खोके बनवणे, दुकानांत मांडणे हा सारा खर्च टळला. दहा-पंधरा माणसांचा चमू जगभरच्या ग्राहकांपर्यंत पोहोचू शकेल, अशी परिस्थिती पहिल्यांदाच आली.

पुण्यातले तिघे

याच वळणावर २०१७ साली पुण्यात ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ हा स्टुडिओ सुरू झाला. नावाचा अर्थ ‘माना डोलावणारी डोकी’. संस्थापक तिघे : खेळाची रचना करणारे अविचल सिंग, चित्रकार श्रुती घोष आणि तांत्रिक बाजू सांभाळणारे मूळचे इंग्लंडचे इअन मॉड. त्यांनी ठरवले की खेळ आपला स्वतःचा करायचा आणि गोष्टही इथलीच सांगायची.

त्या खेळाचे नाव ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’. राजी ही खेळ करून पोट भरणाऱ्या मंडळींपैकी एक मुलगी. असुरांनी पळवून नेलेल्या गोलू या धाकट्या भावाला शोधायला ती निघते. दुर्गा आणि विष्णू तिचा प्रवास पाहत तिच्याविषयी बोलत असतात आणि तेच आपल्याला गोष्ट सांगतात. राजीला दुर्गेकडून त्रिशूळ मिळतो. किल्ले आणि महाल राजस्थानच्या वास्तुरचनेवरून बेतलेले आहेत, रंगांची ठेवण पहाडी चित्रशैलीची आहे आणि संगीत लिनोस त्सेलिओस या ग्रीक संगीतकाराचे आहे.

कथेचे काही भाग छायाबाहुल्यांच्या रूपात येतात. आपल्या सिंधुदुर्गातील पिंगुळीचे ठाकर कलावंत चामड्याच्या बाहुल्यांची सावली पडद्यावर पाडून रामायण सांगत आले आहेत. त्याच कुळातला हा प्रकार. बोलका चेहरा संगणकावर उभा करायचा तर डोळे, ओठ, गालांचे स्नायू असे सारे हलवावे लागते. ते खर्चाचे काम. सावलीला चेहरा लागत नाही. इथे कलेची निवड आणि खर्चाचा हिशेब एकाच वाटेने गेले, असे आम्हाला वाटते. सावलीच्या राजपुत्राची आठवण इथे झाल्याशिवाय राहत नाही.

पण पैसे? २०१७ च्या अखेरीस स्टुडिओने ‘किकस्टार्टर’ या संकेतस्थळावर लोकवर्गणीचे आवाहन केले. येथे नियम कडक असतो. ठरवलेली रक्कम मुदतीत पूर्ण जमली तरच पैसे मिळतात, थोडी कमी पडली तरी एक पैसाही हाती येत नाही. रक्कम जमली नाही. पगार तर द्यायचेच होते. काम चालू राहावे म्हणून अविचल सिंग यांनी आपला फ्लॅट विकला, हे त्यांच्या मुलाखतींतून पुढे आले आहे. विम्याच्या पॉलिसी, दागिने आणि शंभर वर्षांनी फ्लॅट. गहाण टाकायच्या वस्तू बदलल्या, मधला कोरडा काळ तोच राहिला.

या काळात स्टुडिओला तारले ते हाती असलेल्या नमुन्याने. राजी धावते, खांबांवर चढते, असुरांशी लढते, असा चालता-बोलता भाग तयार होता आणि तो दाखवता येत होता. ‘अनरिअल’ इंजिनाच्या निर्मात्यांकडून नव्या खेळांना मिळणारे अनुदान ‘राजी’ला मिळाले आणि पुढे ‘सुपर डॉट कॉम’ हा प्रकाशक लाभला. वाटाण्याच्या रोपाने केलेले काम इथे खेळाच्या नमुन्याने केले.

१८ ऑगस्ट २०२० रोजी, साथीच्या दिवसांत, ‘राजी’ प्रथम निन्टेन्डोच्या ‘स्विच’ या यंत्रावर आला. १५ ऑक्टोबर २०२० पासून तो इतर यंत्रांवर आणि संगणकावर मिळू लागला. ‘द गेम अवॉर्ड्स’ या अमेरिकेतील प्रतिष्ठेच्या समारंभात त्या वर्षी पहिल्या स्वतंत्र खेळाच्या पुरस्कारासाठी ज्या पाच खेळांना नामांकन मिळाले, त्यांत ‘राजी’ होता. पुरस्कार ‘फॅस्मोफोबिया’ या खेळाला गेला.

सगळेच कौतुक झाले असे नाही. चित्रांची वाहवा झाली, पण खेळ लवकर संपतो, लढाईत सफाई कमी आहे, शेवट तुटल्यासारखा वाटतो, असे समीक्षकांनी लिहिले. स्टुडिओने त्यानंतर सुधारित आवृत्तीवर काम केले. ती २०२२ साली आली आणि तिच्यात हिंदी संवादही होते. चूक दाखवली की दुरुस्त करून पुन्हा मांडायचे ही रीत विज्ञानातही आहे आणि इथेही आहे.

न लिहिलेले इतिहास

इथे एक सावधगिरीची सूचना द्यायला हवी. घर विकून काम पुरे केले आणि यश मिळाले, ही कथा ऐकायला गोड लागते. पण संशोधनात आम्ही एक धडा घेतलेला असतो. जे टिकले तेवढेच मोजले तर निष्कर्ष चुकतो. ज्यांनी घर विकले आणि तरीही खेळ पुरा झाला नाही, त्यांची नावे आपल्यापर्यंत येत नाहीत. स्टुडिओ बंद पडतो आणि त्याबरोबर त्याचा इतिहासही पुसला जातो. म्हणून या गोष्टीतून ‘सर्वस्व पणाला लावा’ असा बोध मुलांना देऊ नये. फाळक्यांसारख्या माणसाचेही अखेरचे दिवस भरभराटीचे नव्हते. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकमध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा बोलपटांनी सारा पडदा व्यापला होता.

घेण्यासारखा बोध वेगळा आहे. मोठे स्वप्न सांगून लोक पटत नाहीत, चालणारा छोटा नमुना पाहून पटतात. आणि नमुना करायला फार भांडवल लागत नाही. एक कुंडी आणि एक वाटाणा पुरतो.

वर्गात हे करून पाहता येईल. जुन्या वहीच्या कोपऱ्यात एकेक चित्र थोडे बदलत काढा आणि पाने फडफडवा. हा झाला चित्रपट. मग चौकटीच्या कागदावर एक राजी आणि एक असुर ठेवा. एका मुलाने दिशा सांगायची, दुसऱ्याने नियमानुसार दोघांना एकेक घर हलवायचे, तिसऱ्याने अंतर मोजून टक्कर झाली का ते जाहीर करायचे. हा झाला संगणकाचा खेळ, फक्त सेकंदाला ६० ऐवजी मिनिटाला पाच-सहा फेऱ्यांचा. खेळ रटाळ झाला तर मुले आपणहून नियम बदलू लागतील. त्या क्षणी ती खेळणारी राहत नाहीत, करणारी होतात.

पांडवलेण्यांच्या पायथ्याशी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर एवढेच की, हो, आपल्याकडे गेम बनतात, पुण्यात एक बनला आहे. तो करायला चित्रकला लागली, गोष्ट लागली आणि तुझ्या नववीच्या पुस्तकातली गतीची समीकरणेही लागली. त्या दिवशी हसण्याऐवजी आम्ही त्या मुलाला विचारायला हवे होते, “तुझ्या गेममध्ये काय असेल?”